दोन लिटरची रेघ

आमच्या घरात ऑक्सिजनची मशीन पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आबा कॉटवर उठून बसले आणि म्हणाले, "काय बे, गिरणी चालू झाली की परत."

आवाज खरंच तसा होता. सतत घरघर आणि दर काही सेकंदांनी एक 'फुस्स'. आबांनी सोलापुरातल्या एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात तीसेक वर्षं काढली. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षं पॉवरलूमवर गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर आणि फाइलवर चार अक्षरं: सीओपीडी. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटलेले. हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो, पण बरा होत नाही. कॉटपासून संडासापर्यंत जायला आबांना मध्ये एकदा भिंत धरावी लागते.

मशीन मामांकडून आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये, बेड मिळत नव्हते तेव्हा, त्यांनी ती मिळेल त्या भावाला घेतली होती. पुढे ती माळ्यावर पडून होती. मशीनसोबत डॉक्टरांनी एक कागद दिला. दोन लिटरवर ठेवा. रोज किमान पंधरा तास. आगीपासून लांब. नाकाला तेल, बाम लावू नका. बिडी पूर्ण बंद. फिल्टर धुवा.

त्यातली पहिलीच ओळ मी मोडली आणि आबांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आल्यावर मी तो कागद घेऊन बसलो. यातली प्रत्येक ओळ कुणी लिहिली असेल? काय घडल्यावर? शोधता शोधता मी अडीचशे वर्षं मागे गेलो, आणि सुरुवात मात्र घरापासूनच करावी लागली.

गिरणी आणि बिडी

मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांची 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' १८७७ मध्ये सुरू झाली. नंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि पहिलीचं नाव 'जुनी गिरणी' पडलं. गावात घड्याळं कमी आणि भोंगे जास्त, असं आबा सांगतात.

कापूस गिरणीत आला की आधी पिंजला जातो, मग कार्डिंगला येतो. तिथे तारांच्या दातांवरून तो विंचरला जातो आणि सगळी बारीक धूळ हवेत उडते. आबांच्या सांगण्याप्रमाणे पाळी सुटली की भुवया पांढऱ्या व्हायच्या. या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक विचित्र खूण आहे: सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात ताग-जवसाचे धागे विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही हा आजार व्यवसायजन्य म्हणून धरलेला आहे. आबांना हा शब्द मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आमच्यात त्याला खोकला म्हणायचे."

सोलापूरचं दुसरं काम घरात चालतं. पुरुष गिरणीत किंवा मागावर आणि बाई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली, हे आमच्या पूर्व भागातलं कुठल्याही गल्लीतलं चित्र. अशा हजारो बायका आहेत. माझी आजी त्यांतली एक. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, मोजून परत द्यायचं. तरुणपणी ती दिवसाला हजार वळायची. आता पाचशे होतात. तिने आयुष्यात एकही बिडी ओढलेली नाही, आणि तिलाही दम लागतो. तंबाखूची धूळ आणि गॅस येण्याआधीची चूल.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लेख आला. त्याचा विषयच असा की सीओपीडी म्हणजे फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नव्हे. चुलीचा धूर, कामाच्या जागेची धूळ, लहानपणची छातीची दुखणी यांतूनही तो होतो. आबांच्या बाबतीत यातलं सगळंच होतं. वर स्वतःची बिडीही होती, घरात वळलेली, फुकटची.

वाफेचं इंजिन आणि एक मुलगी

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याची लाल भुकटी भिंगाच्या उन्हात तापवली. तिच्यातून जो वायू निघाला त्यात मेणबत्ती नेली तर ज्योत भडकली. पुढे त्या वायूत कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा बराच जास्त जगला. मग प्रीस्टलींनी स्वतः तो ओढून पाहिला आणि छाती हलकी वाटली असं लिहून ठेवलं. स्वीडनच्या शीलं यांनाही हा वायू स्वतंत्रपणे सापडला होता. 'ऑक्सिजन' हे नाव नंतर फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी दिलं.

प्रीस्टलींनी त्याच वेळी एक शंका मांडली होती. या हवेत मेणबत्ती लवकर जळून संपते, तसं धडधाकट माणसाचं आयुष्यही त्यात भरभर जळून जाणार नाही ना? हा आजाऱ्यांना औषध म्हणून उपयोगी पडेल, पण रोजच्या हवेच्या जागी तो नको, असा त्यांचा अंदाज होता. शोध लावणाऱ्याच्याच मनात पहिल्या दिवसांत ही भीती होती, हे वाचून मी थांबलो. आमच्या कागदावरच्या दोन ओळी, 'दोन लिटरवर' आणि 'आगीपासून लांब', त्या एका मेणबत्तीपाशी सापडत होत्या.

हा वायू औषध म्हणून वापरायच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नात एक ओळखीचं नाव निघालं: जेम्स वॉट. वाफेच्या इंजिनाचे तेच वॉट, ज्यांच्या इंजिनावर जगभरच्या गिरण्यांचं युग उभं राहिलं. त्यांची मुलगी जेसी क्षयाने आजारी होती. ती १७९४ मध्ये गेली. त्यानंतर वॉट यांनी डॉक्टर थॉमस बेडोज यांच्यासाठी वायू तयार करायची आणि रुग्णाला ओढायला द्यायची उपकरणं बनवली. १७९९ मध्ये बेडोज यांनी ब्रिस्टलला वायूंनी उपचार करणारी संस्था काढली. क्षय काही बरा झाला नाही आणि संस्था फार टिकली नाही.

पुढची शंभर वर्षं ऑक्सिजन कधी औषध होता, कधी जत्रेतल्या वैदूचं चूर्ण. किती द्यायचा याचं माप नव्हतं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसं जळालेले सैनिक समोर आले तेव्हा जे. एस. हाल्डेन यांनी मोजून ऑक्सिजन देणारं उपकरण आणि मुखवटा वापरात आणला, आणि १९१७ मध्ये त्यावर लेख लिहिला. आमच्या मशीनवर काचेची एक उभी नळी आहे. तिच्यात एक गोळी तरंगते, तिच्यामागे १, २, ३, ४, ५ अशा रेघा. माप हवं, हा हट्ट त्या रेघांमध्ये आहे.

पंधरा तास

आबांचं पहिलं भांडण वेळेवरून झालं. दम लागला की नळी लावायची, बरं वाटलं की काढायची, असं त्यांचं चालायचं. शिवाय लाइट बिल. पाच लिटरची मशीन साधारण साडेतीनशे वॉट खाते. पंधरा तास म्हणजे दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. मी झोपलो की आबा उठून मशीन बंद करायचे.

"सवय लागंल," ते म्हणायचे. "एकदा लागली की सुटायची नाही, बिडीसारखी."

"बिडी तरी कुठं सुटलीया तुमची?" आजी सुपातून मान वर न करता विचारायची.

ऑक्सिजनची सवय लागत नाही. शरीराला तो कमी पडतोय म्हणून लागतो. पण 'पंधरा' हा आकडा आला कुठून? १९८१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक अभ्यास छापला. सीओपीडीचे, रक्तात ऑक्सिजन कमी असलेले ८७ रुग्ण. निम्म्यांना घरी रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांत ऑक्सिजनवाल्या ४२ पैकी १९ जण गेले, दुसऱ्या गटातल्या ४५ पैकी ३०. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिका-कॅनडातल्या सहा केंद्रांनी २०३ रुग्णांवर केलेलं काम आलं होतं. तिथे एका गटाला फक्त रात्री बारा तास, दुसऱ्याला शक्य तितका दिवसरात्र, जो प्रत्यक्षात सरासरी पावणेअठरा तास भरला. फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं.

म्हणजे घरचा ऑक्सिजन हा दम लागल्यावर घ्यायचा फवारा नाही. तो हृदयावरचा आणि बाकी अवयवांवरचा ताण कमी करतो, आणि त्यासाठी तो तासन् तास मिळावा लागतो. आबांना मी आकडे वाचून दाखवले. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "पंधरा तास म्हणजे दोन पाळ्या की." त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रपाळी आणि दिवसपाळी आहे. रात्री नऊ ते सकाळी सहा एक, दुपारी बारा ते सहा दुसरी.

हा इतिहास संपलेला नाही. ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी आहे अशा ७३८ जणांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यांना घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २०२४ मध्ये स्वीडनहून कळलं की पंधराऐवजी चोवीस तास दिल्याने आणखी फायदा होत नाही. म्हणून कुणाला द्यायचा हे दम किती लागतो यावर नाही, तर रक्त तपासून ठरतं. सहसा आराम करतानाही बोटावरचा आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल, तर डॉक्टर धमनीतलं रक्त तपासून निर्णय घेतात.

मी रेघ ओलांडली ती रात्र

आता माझी चूक.

डिसेंबरात आबांना सर्दी झाली आणि खोकला वाढला. रात्री अकराला बोटावरचं ऑक्सिमीटर ८६ दाखवत होतं. ते बसून श्वास घेत होते, खांदे वरखाली होत होते. कोविडमध्ये आपण सगळेच एक गोष्ट शिकलो होतो: आकडा ९५ च्या वर पाहिजे. मी बटण फिरवलं आणि गोळी दोनवरून पाचवर नेली. आकडा चढला. ९२, ९५, ९७. आबा शांत झाले. झोप लागली असं वाटून मीही झोपलो.

सकाळी ते उठेनात. हाक मारली की डोळे अर्धे उघडायचे आणि भलतंच बोलायचे. "भोंगा झाला का?" तळहात गरम, चेहरा लालसर. बोटावर ९८. मला कळेचना की आकडा इतका चांगला असताना माणूस असा कसा.

दवाखान्यात रक्त तपासलं तर कार्बन डायऑक्साइड साठला होता. दोन दिवस घट्ट मास्कचं मशीन लावून तो बाहेर काढावा लागला. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाच कुणी केलं?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

त्यांनी समजावलं ते असं. आबांच्या फुप्फुसाचे काही भाग निकामी आहेत. शरीराने वर्षानुवर्षं हळूहळू तिकडचं रक्त कमी करून चांगल्या भागांकडे वळवलंय. ऑक्सिजन एकदम वाढला की ही व्यवस्था मोडते. रक्त पुन्हा निकामी भागांकडे जातं, जिथे हवेची ये-जा नाही, आणि कार्बन डायऑक्साइड आतच राहतो. शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं की कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते. हे दुसरं कारण हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्येच दाखवलं होतं. श्वासाची ऊर्मीही थोडी मंदावते. ऑक्सिमीटर यातलं काही दाखवत नाही, कारण तो फक्त ऑक्सिजन मोजतो.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉ. मोरान कॅम्पबेल यांना हेच छळत होतं. अशा रुग्णांना ऑक्सिजन न द्यावा तर ते गुदमरतात, भरपूर द्यावा तर गुंगीत जातात. १९६० मध्ये त्यांनी एक मास्क मांडला. त्यात ऑक्सिजनची बारीक धार बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात ओढून घेते, त्यामुळे रुग्णाला नेमका मोजलेला ऑक्सिजन मिळतो. आजही वॉर्डांत रंगीबेरंगी तोंडाचे ते व्हेंचुरी मास्क दिसतात.

तरी जगभर 'जास्त म्हणजे चांगलं' हे चालूच राहिलं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा अभ्यास आला. रुग्णवाहिकेत नेल्या जाणाऱ्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, काहींना ८८ ते ९२ च्या मध्ये राहील इतकाच. भरपूरवाल्यांत मृत्यू ९ टक्के, मोजक्यावाल्यांत ४. आबांच्या फाइलवर डॉक्टरांनी लाल पेनने लिहिलं: ८८ ते ९२. मी त्या रात्री पाहिलेला ८६ हा काळजीचाच आकडा होता. फक्त त्याचं उत्तर बटण फिरवणं नव्हतं, फोन करणं होतं. तुमच्या घरातल्या माणसाची रेघ वेगळी असेल, आणि ती त्यांचे डॉक्टरच ठरवतील. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर आकडा कितीही छान असो, दवाखाना गाठायचा.

पेटीतला दगड

आबा बरे होऊन आल्यावर मशीनची चौकशी सुरू झाली. मला वाटायचं, ही ऑक्सिजन तयार करते. तसं नाही. खोलीतल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीन हवा दाबून एका डब्यात ढकलते, तिथले खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो, नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध. डबा भरला की दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकला जातो. तोच आबांचा 'फुस्स'. तोवर दुसरा डबा काम करतो.

ते खडे म्हणजे झिओलाइट. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी असा एक दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव ठेवलं 'उकळता दगड'. नैसर्गिक झिओलाइटसाठी जगात नावाजलेला प्रदेश कोणता? आपला दख्खनचा काळा पाषाण. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत त्याचे सुंदर स्फटिक निघतात आणि जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. मशीनमधले खडे कारखान्यात बनवलेले, पण जात तीच.

या खड्यांना ओल सोसत नाही. त्यामुळे कोविडमध्ये घेतलेली आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली मशीन वरून चालू दिसली, तरी आतून मिळणारा ऑक्सिजन पातळ झालेला असू शकतो. आमचीही आधी तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घ्यायला हवी होती. ती आम्ही दवाखान्यातून आल्यावर मोजली. नशिबाने ठीक होती. पिवळा दिवा लागला किंवा मशीन ओरडायला लागली तर दुर्लक्ष करायचं नाही, हे तेव्हा कळलं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण सोलापुरात त्या सोप्या नाहीत. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याआड किंवा कपाटात नाही. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली चाळीसच्या वर जातं आणि मशीनची पुस्तिका तेवढ्या उष्णतेला परवानगी देत नाही, म्हणून उन्हाळ्यात ती दाराजवळच्या सावलीत. फिल्टर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून. पाण्याच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. भिंतीतल्या अर्थिंगच्या प्लगवरच, मिक्सर-मोबाइलच्या एक्स्टेंशनवर नाही.

आणि लाइट गेली तर? २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, पुरवठा थोडाच वेळ खंडला आणि वीसहून अधिक माणसं गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलाय. आबांची अवस्था तेवढी नाजूक नाही, पण उपाय हवाच. आम्ही एक छोटा सिलिंडर ठेवलाय, काळं अंग आणि पांढरे खांदे असलेला. त्यात सुमारे दीड हजार लिटर मावतो. दोन लिटरने भागा: ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. हा हिशेब भिंतीवर लिहिलाय. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलाय, कारण तो पडून तोंड तुटलं तर तोफगोळ्यासारखा सुटतो. त्याच्या चावीला तेलाचा हात लावायचा नाही.

प्रीस्टलींची मेणबत्ती आमच्या देव्हाऱ्यात

संक्रांतीचा दिवस होता. गड्ड्याची यात्रा भरलेली, गल्लीत हलगी वाजत होती. आजीने आरती केली आणि सवयीने ताट घेऊन आबांकडे गेली. आबांच्या नाकात नळी, मशीन चालू, अंगावर सोलापुरी चादर. कापराची ज्योत त्यांच्या तोंडापासून वीतभर असताना मी ओरडलो. इतक्या जोरात की आजीच्या हातून ताट पडलं. कापूर फरशीवर विझला. आजी काही बोलली नाही, पण दिवसभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. तो दुसऱ्याला पेटायला मदत करतो, आणि फार वेगाने. २७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेत अपोलो-१ च्या यानाची जमिनीवरच चाचणी चालू होती. आतमध्ये दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन भरलेला. ठिणगी पडली आणि एरवी हळूहळू जळणाऱ्या वस्तू क्षणात भडकल्या. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर दार उघडण्याआधीच गेले. त्यानंतर जमिनीवर असताना यानात शुद्ध ऑक्सिजन भरणं बंद झालं.

आमच्या खोलीचं यान होत नाही, तिथली हवा हलती असते. धोका अंगाजवळ असतो. नाकातून सांडलेला ऑक्सिजन मिशीत, उशीत, कपड्यात आणि चादरीच्या सुतात मुरतो. मशीन बंद केल्यावरही तो काही वेळ तिथे असतो. म्हणून चालू नळी चादरीवर टाकून उठायचं नाही. म्हणून नाकाला खोबरेल किंवा बाम नाही, कोरडं पडलं तर पाण्यात मिसळणारं मलम डॉक्टरांना विचारून. म्हणून नळी लावलेली असताना अगरबत्ती, निरांजन, डासांची कॉइल, गॅस यांतलं काही जवळ नाही.

परदेशी पुस्तिका म्हणतात, आगीपासून तीन मीटर. तीन मीटर म्हणजे दहा फूट. आमची खोली दहा बाय बारा आहे, तीत देव, गॅस, कॉट आणि आजीचं सूप आहे. हा नियम लिहिणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नव्हतं. मग आम्ही तीन मीटर तयार केले. लांब नळी आणली आणि आजीच्या स्वयंपाकाच्या वेळी आबांची कॉट दारापाशी गेली. नळी भिंतीच्या कडेने, पायात येणार नाही अशी, चटईखालून नाही. देव्हाऱ्यात विजेचा छोटा दिवा लागला. निरांजन बाहेर तुळशीपाशी गेलं. आजीने ते स्वतःच ठरवलं, आठ दिवस अबोला धरून झाल्यावर.

राहिली बिडी. ती दुकानात जाऊन आणावी लागत नाही, घरातच बनते. जी वस्तू आबांच्या छातीवर बसली, तिच्या मजुरीतून लाइट बिल भरलं जातं. मी आजीला म्हटलं, काम सोड. ती म्हणाली, "तू भरतोस का दीडशे युनिटाचं?" मी तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. मी गप्प बसलो.

एका रात्री मोरीतून वास आला. आबा मशीन बंद करून, नळी गळ्यात तशीच ठेवून बिडी ओढत होते. अंगावर तीच चादर. माझ्या डोळ्यांसमोर अपोलो आलं. आजीने बिडी हातातून काढून पाण्यात टाकली आणि शांतपणे म्हणाली, "तुमी जळलात तर मी पण जळन. खोली एकच हाय."

दुसऱ्या दिवशी तिने एक गोष्ट सुरू केली. तिला मोजायची आयुष्यभराची सवय. कारखान्यात एक बिडी कमी भरली तरी चालत नाही. आता ती संध्याकाळी बिड्या बांधून झाल्या की आबांच्या समोर बसून मोठ्याने मोजते आणि टोपली शेजारणीकडे ठेवायला देते. सकाळी आणून पुन्हा मोजते. पहिल्या महिन्यात चार वेळा कमी निघाल्या. दुसऱ्या महिन्यात एकदा. डॉक्टरांनी दिलेल्या निकोटिनच्या गोळ्या आबा चघळतात आणि तोंड वाकडं करतात.

काल मी घरी होतो. मशीनची फुसफुस चालू होती, गोळी दोनच्या रेघेवर, बोटावर ९०. आबा डोळे मिटून ऐकत होते. आजी मोजत होती. चारशे अठ्ठ्याण्णव, चारशे नव्याण्णव, पाचशे.

"भरल्या का गं?" आबांनी विचारलं.

"भरल्या," ती म्हणाली आणि टोपली घेऊन उठली.